पाण्यावर पडलेली लाइन उचलावी कशी? (फ्लाय फिशिंग)

रानजाई | १२ मे

नमस्कार मंडळी. चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी सॅन होजेला आले आणि दुसऱ्याच वर्षी फ्लाय फिशिंगच्या (लवचीक रॉडने जड दोर, म्हणजे लाइन, फेकून तिच्या टोकाच्या नकली किड्याने, म्हणजे फ्लायने, मासे धरण्याच्या) नादाला लागले. वेळ मिळेल तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधल्या कास्टिंगच्या (लाइन फेकण्याच्या) तलावांवर सराव करते. १९३८ मध्ये खास याच कामासाठी बांधलेले ते तीन तलाव आहेत, तिथे कुणालाही विनाशुल्क उभं राहता येतं.

प्रश्न तिथला नाही, नदीवरचा आहे. गेल्या शनिवारी हॅट क्रीकला गेले होते. उत्तर कॅलिफोर्नियातल्या बर्नी गावाजवळची, झऱ्यांच्या पाण्यावर वाहणारी ही नदी. पॉवरहाउस २ या वीजघरापासून लेक ब्रिटनपर्यंतचे साडेतीन मैल जंगली ट्राउट माशांसाठी राखलेले आहेत. वरची खळाळती धाव संपली की पाणी आरशासारखं होतं आणि तळाला पाणवनस्पतींच्या लांब वेण्या डोलत असतात.

अकराच्या सुमाराला फिकट पिवळ्या मेफ्लाय (पाण्यातून बाहेर येणारे नाजूक किडे) उडू लागल्या. बारा-तेरा मीटरवर एक ट्राउट दर दहा-पंधरा सेकंदांनी वर येऊन टिपत होता. माझी १८ नंबरची, म्हणजे अगदी छोटी, ड्राय (तरंगणारी) फ्लाय त्याच्या वरच्या अंगाला हलकेच पडली, डोक्यावरून वाहत गेली, त्याने घेतली नाही. इथवर काहीच बिघडलं नव्हतं. मग मी पुन्हा टाकायला म्हणून रॉड मागे ओढला. मांजरपाट फाडावा तसा चर्रर्र आवाज झाला, थेंबांची माळ उडाली आणि मासा गेला. पुढचा पाऊण तास त्या जागी एकही वलय उठलं नाही.

कास्ट कसा टाकावा यावर सगळे भरभरून बोलतात. वर्गात लाइन उचलण्यावर पाच मिनिटं मिळाली, तीही एकाच पद्धतीवर. इथे वेगवेगळ्या पाण्यांवर जाणारी माणसं आहेत म्हणून विचारते: तुम्ही कोणत्या वेळी लाइन कशी उचलता, आणि ते ठरवता कशावरून?

तीर्थनवेडा | १२ मे

रानजाई, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवाच होता. मी पुण्याचा. २००९ पासून वर्षातून दोनदा हिमाचलात तीर्थन नदीवर जातो, एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा पावसाळा सरल्यावर. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी तिथे बंद असते.

बाकीचे प्रकार नंतर बघू. आधी साधी, सरळ उचल नीट व्हायला हवी, कारण दहापैकी सात-आठ वेळा तीच लागते आणि बिघडतेही तीच. तू लिहिलेला आवाज मी तीर्थनवर रोज ऐकतो. त्याची कारणं बहुतेक वेळा दोन असतात.

पहिलं, रॉडचं टोक वर असताना सुरुवात होते. टोक कमरेच्या वर असलं की टोकापासून पाण्यापर्यंत लाइनची झोळी लोंबते. तू रॉड मागे नेतेस तेव्हा निम्मा हात ती झोळी ताणण्यात खर्च होतो, आणि उरलेल्या निम्म्या हातात पाण्यावरची सगळी लाइन एकदम उपटावी लागते. म्हणून आधी मोकळ्या हाताने सैल लाइन ओढून घ्यायची आणि टोक पाण्याला जवळजवळ टेकवायचं. टोक हललं की फ्लाय हलली पाहिजे, इतकी सरळ रेषा व्हायला हवी.

दुसरं, वेग. मी नवशिक्यांना सांगतो की पापड्या आठवा. आई गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर साबुदाण्याच्या पापड्या घालायची. संध्याकाळी सोडवताना मधोमध धरून ओढली की पापडी तुटायची. एका कडेने हळूच सुरुवात केली की अख्खी निघायची. लाइन तशीच सोलायची असते. रॉड सावकाश वर न्यायचा, लाइन आपल्या बाजूने एकेक वीत पाणी सोडत जाते. नजर लाइन आणि लीडर (लाइनच्या टोकाचा बारीक पारदर्शक दोरा) यांच्यातल्या गाठीवर ठेवायची. ती गाठ पाण्याबाहेर आली आणि फक्त लीडर उरला की मग मागचा कास्ट, म्हणजे लाइन पाठीमागे फेकणं. त्याआधी जोर लावायचा नाही.

आणि एक मोजमाप सांगतो. साधारण ९ मीटर लाइन मी अशी शांतपणे उचलू शकतो. तुझा मासा बारा-तेरा मीटरवर होता. त्यातला लीडर पावणेतीन मीटर आणि रॉडची लांबी वजा केली तर तू मर्यादेच्या आतच होतीस. म्हणजे घोटाळा लांबीत नाही, सुरुवातीत असावा.

अपूर्णांक | १३ मे

पापडीची उपमा भौतिकशास्त्राच्या दृष्टीनेही चपखल आहे, म्हणून थोडं गणित मांडतो.

५ नंबरच्या (हा नंबर लाइनच्या वजनाचा) लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम असतं. मीटरमागे एक ग्रॅम. आता पाण्याचा पृष्ठताण बघा. २० अंश सेल्सिअसला तो मीटरमागे सुमारे ०.०७३ न्यूटन असतो, आणि लाइनला तो दोन्ही बाजूंनी धरतो. म्हणजे लाइन आडवी, सगळी एकदम वर खेचली तर पाणी मीटरमागे कमाल १५ ग्रॅमइतक्या वजनाने तिला खाली ओढू शकतं. स्वतःच्या वजनाच्या पंधरापट! लाइनचा थर पाणी झटकणारा असल्यामुळे प्रत्यक्षात ओढ कमी असते, पण लाइन मळलेली असेल तर ती वाढते.

सोलताना मात्र ही ओढ एका वेळी पाणी सोडणाऱ्या त्या काही सेंटिमीटरांपुरतीच सोसावी लागते. जोर कमी, आवाज कमी, थेंब कमी.

म्हणून लाइन धुवा. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. मी दर तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर धुतो. तंत्र न बदलताही उचलीत फरक जाणवतो.

रानजाई | १३ मे

दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी तलावावर गेले आणि मैत्रिणीला व्हिडिओ काढायला लावला. तीर्थनवेडा, तुमचं निदान बरोबर आहे. माझं टोक छातीच्या उंचीवर होतं. लाइनही गेले कित्येक महिने धुतलेली नव्हती.

आता पुढची शंका. फ्लाय माशाच्या डोक्यावरून पुढे गेल्यावर किती थांबून उचलायचं? आणि हॅट क्रीकला माझ्या आणि माशाच्या मध्ये पाणवनस्पतींचा पट्टा पृष्ठभागापर्यंत आलेला असतो. सोलत सोलत ओढली तर फ्लाय त्यात अडकते. तिथे काय करायचं?

अपूर्णांक | १३ मे

थांबण्याबद्दल एवढं सांगतो. पाण्याखालून माशाला बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. ती खिडकी ९७ अंशांची असते, म्हणजे मासा जितका खोल तितकी ती मोठी. ३० सेंटिमीटर खोलीवरच्या माशाला जेमतेम ६८ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ मिळतं. त्याबाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो. म्हणजे फ्लाय अर्धा मीटर पुढे गेली की ती खिडकीबाहेर गेली. पण आरशावर चरा उठला किंवा थेंब पडले तर ते त्याला लगेच कळतं. मी दीड-दोन मीटर जाऊ देतो आणि रॉड आडवा करून लाइन माशाच्या रेषेपासून बाजूला नेतो, मग उचलतो.

बांबूची_रॉड | १४ मे

मी पेनसिल्व्हेनियात असतो, तीसेक वर्षं झाली. कार्लाइलजवळचा लेटॉर्ट हा माझा आवडता ओढा. चुनखडीच्या झऱ्यांचा, वॉटरक्रेस या पाणवनस्पतीने भरलेला, आणि तिथला ब्राउन ट्राउट फार सावध. त्यामुळे रानजाई म्हणते ती अडचण मी रोजच्या रोज भोगलेली आहे.

अशा जागी फ्लाय पाण्यावरून घसटत आणायचीच नाही. ती जिथे आहे तिथून उभी वर उचलायची. त्यासाठी दोन पद्धती आहेत.

एक झटक्याची उचल. रॉड सावकाश वर न्यायचा, बहुतेक लाइन हवेत आली आणि टोकाशी लीडर तेवढा पाण्यावर राहिला की थांबायचं. मग मनगटाने टोकाला खाली एक छोटा, तीक्ष्ण झटका द्यायचा आणि तिथेच रोखायचं. लाइनमधून एक उंचवटा धावत निघतो. तो फ्लायपाशी पोहोचला की फ्लाय पाण्यावरून टुणकन वर उडी मारते. त्याच क्षणी मागचा कास्ट. क्षण चुकला तर ती परत पाण्यावर बसते, मग शांतपणे पुन्हा करायचं. झटका जितका लहान तितका चांगला. लोक दोरीवरची चादर झटकावी तसा हात फिरवतात, तेवढं काही लागत नाही.

दुसरी पिळाची उचल. रॉड वर नेता नेता टोकाने हवेत लहान लहान वर्तुळं काढायची. ती वर्तुळं लाइनवरून पिळासारखी पुढे सरकतात आणि तिला पाण्यापासून गुंडाळत सोडवतात. काठावर कमरेइतकं गवत असेल, समोर क्रेसचे गुच्छ असतील, तिथे हिला तोड नाही.

रॉड कोणता आहे त्यावरही बरंच अवलंबून असतं. माझा बांबूचा रॉड मऊ आहे, मुठीपर्यंत वाकतो. त्याने उचल सावकाश, लांब होते. कडक ग्रॅफाइटने तीच उचल आखूड होते. माझी चाल जशीच्या तशी घेऊ नका, तुमच्या रॉडला विचारा.

तीर्थनवेडा | १४ मे

काका, झटक्याची उचल मीही वापरतो आणि ती प्रत्येकाला यायला हवी. पण पिळाच्या उचलीबद्दल माझं मत वेगळं आहे. तीर्थनवर तिचा मला कधी उपयोग झालेला नाही. वारा दरीतून वर चढत असतो, आणि वर्तुळं काढेपर्यंत तो लाइनला पोट आणतो. शिवाय टोक सारखं हवेत फिरत राहतं, ते माशाला दिसतं. जे काम एका झटक्यात होतं त्याला पाच वर्तुळं कशाला?

बांबूची_रॉड | १४ मे

वाऱ्याचं म्हणणं पूर्ण मान्य. पण झटक्याला एक अट आहे, ती तुमच्या नदीवर आपोआप पूर्ण होते. झटका देण्याआधी बहुतेक लाइन हवेत हवी. तुम्ही चार-पाच मीटरवर मासेमारी करता, रॉड वर नेला की काम झालं. लेटॉर्टवर दहा मीटर लाइन गवतावर आणि क्रेसवर पसरलेली असते. तिथे नुसता रॉड वर केला तर लाइन गवतातून ओढली जाते आणि एखादी काडी धरून बसते. पीळ तिला जागच्या जागी उचलतो. वारा पडलेला, गवत उंच, लाइन लांब, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच मी पीळ वापरतो.

तीर्थनवेडा | १४ मे

पटलं. गवतावर पडलेल्या लाइनचा मी विचारच केला नव्हता. तीर्थनच्या काठाला धोंडे.

डेल्टाकर | १६ मे

रानजाई, मी तुमच्यापासून फार लांब नाही. सॅक्रामेंटोला राहतो, डेल्टात स्ट्राइप्ड बासच्या मागे असतो. हा मासा इथला मूळचा नव्हे, १८७९ मध्ये न्यू जर्सीहून रेल्वेने आणून खाडीत सोडलेला.

आमचं पाणी खोल आणि लाइन बुडणारी. वरचं सगळं तरंगत्या लाइनबद्दल झालं, बुडणाऱ्या लाइनला ते लागू नाही. तीन मीटर खाली गेलेली लाइन सरळ उचलायला जाल तर अख्खं पाणी तुमच्याविरुद्ध उभं राहतं. सुरुवातीच्या काळात मी ते केलं, जोर लावला आणि रॉडचा दुसरा तुकडा मोडला. त्यात रॉडचा काहीच दोष नव्हता.

आता लाइनचा जड भाग टोकापासून जिथे संपतो त्याच्या जरा मागे मी खूण केली आहे. ती खूण रॉडच्या टोकाशी येईपर्यंत ओढून घेतो. मग एक रोल कास्ट. रॉड सावकाश कानामागे नेऊन लाइनचं अर्धवर्तुळ पाठीमागे लोंबू द्यायचं आणि पुढे टाकायचं. लाइन पाण्याखालून उलगडत वर येते आणि पृष्ठभागावर सरळ पडते. एकाने नाही आली तर दुसरा रोल. ती पाण्यावर पडली की थांबायचं नाही, कारण ती लगेच बुडू लागते. तेवढ्या सेकंदात सरळ उचल, आणि उचलीबरोबर मोकळ्या हाताने लाइनला खाली एक हिसका. पाणी लाइनला धरतं, रॉड वाकतो, आणि एकाच मागच्या कास्टनंतर लाइन सुटते. दिवसभर जड फ्लाय हवेत फिरवत बसलात तर दुपारपर्यंत खांदा बोलू लागतो.

उचलण्याआधी मात्र फ्लाय पृष्ठभागाजवळ आली की आठ-दहा सेकंद तशीच लटकवून ठेवतो. बास बोटीपर्यंत पाठलाग करत येतो आणि ती थांबली की झडप घालतो. माझे कितीतरी मासे या थांबण्यात मिळाले आहेत.

बांबूची_रॉड | १६ मे

शेवटचा परिच्छेद सगळ्यांनी पुन्हा वाचा. उचल हासुद्धा मासेमारीचा भाग आहे. पेनसिल्व्हेनियाच्या ब्रॉडहेड नदीवर जेम्स लायझनरिंग पाण्याखालची फ्लाय माशासमोर आली की रॉड हळूच वर न्यायचे, म्हणजे अळी पृष्ठभागाकडे निघाल्यासारखी वाटते. त्या उचलीला आजही त्यांचंच नाव आहे. इंग्लंडात एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर निम्फला (पाण्याखालच्या अळीसारख्या फ्लायला) असाच उठाव देत. तेव्हा निम्फ टाकली असेल तर रॉड उपटण्याची घाई नको. लाइन सोलतानाचा तो सावकाश उठावच कधी कधी मासा देऊन जातो.

खाडीकाठ | १७ मे

मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडे याला गरवणं म्हणतात. लहानपणापासून आजोबांबरोबर गरी घेऊन खाडीत बसलो आहे. पाच-सहा वर्षांपासून ८ नंबरचा फ्लाय रॉड वापरतो, तांबोशी आणि जिताड्यासाठी.

आमच्या खाडीत दोन अडचणी. पाठीमागे कांदळवन आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा. मागचा कास्ट मोकळा टाकायला जागाच नाही. सुटणीची वेळ असेल तर ओहोटी लाइन ओढून सरळ करून देते, तेव्हा रोल कास्टने उचलून तिथल्या तिथे पुढे टाकतो. लाइन पाण्यावर टेकलेली असल्याशिवाय रोल होत नाही. तो टेकूच रॉडला वाकवतो.

मागे थोडी जागा मिळाली आणि धातूच्या डोळ्यांची जड क्लाउझर फ्लाय लावलेली असेल तर रॉड आडवा, पाण्याजवळून बाजूला उचलतो आणि न थांबता गोल फिरवून डोक्यावरून पुढे आणतो. लाइन कुठेही सैल पडत नाही आणि जड फ्लाय रॉडपासून लांब राहते. सरळ वर उचलून पुढे मारली तर ती थेट टाळक्यावर येते. चष्मा आणि टोपीशिवाय मी रॉडला हात लावत नाही.

टे_काठचा | १८ मे

खाडीकाठ, चष्म्याबद्दल शंभर टक्के सहमत. मी स्कॉटलंडमध्ये पर्थला असतो, टे नदी घरापासून चालत दहा मिनिटांवर. इथे सामन माशाचा हंगाम १५ जानेवारी ते १५ ऑक्टोबर, आणि रविवारी सामन धरायला बंदी.

इथे आम्ही दोन हातांचा लांब रॉड वापरतो आणि लाइन मागे टाकतच नाही, कारण मागे झाडं किंवा उंच काठ. फ्लाय प्रवाहाबरोबर फिरून आपल्या खालच्या बाजूला सरळ लोंबते. तिथून ती उचलून दिशा बदलून समोर टाकायची असते. कोणती उचल वापरायची ते आम्हाला वारा सांगतो, आवडनिवड नाही.

वारा प्रवाहाबरोबर खाली जाणारा असेल तर लाइनचा टेकू शरीराच्या खालच्या बाजूला पडायला हवा. तेव्हा स्नेक रोल. टोकाने हवेत एक आडवं वेलांटीसारखं वळण काढलं की लाइन पाण्यावरून सुटते, उलटून बाजूला टेकते आणि लगेच पुढे जाते. वारा प्रवाहाच्या उलट, वर येणारा असेल तर टेकू वरच्या बाजूला हवा. तेव्हा स्नॅप-टी. रॉड वर उचलून टोक झपकन खाली आणायचं, लाइन उडी मारून वरच्या बाजूला येऊन पडते, मग रॉड फिरवून मागे अर्धवर्तुळ करून टाकायचं.

हे उलट केलं तर वारा गळ तुमच्या अंगावर आणतो. दुसऱ्याच वर्षी मी वाऱ्याकडे न बघता सवयीने स्नेक रोल केला आणि गळ कानाच्या पाळीत शिरला. गळाचा काटा पक्कडीने दाबून ठेवलेला होता म्हणून तो काठावरच निघाला. तेव्हापासून पाण्यात उतरल्यावर मी आधी गालावर वारा घेतो, मग लाइन सोडतो.

रानजाई, तुम्हाला एका हाताच्या रॉडनेही स्नेक रोल जमेल. काठावर झाडी असलेल्या लहान नदीवर तो फार कामाला येतो.

नवशिका_नगरचा | १९ मे

वाचनमात्र होतो, आता राहवत नाही. मी फुटबॉलच्या मैदानावर गवतात सराव करतो. सरळ कास्ट बरा जमतो. पण इथे लिहिलेली उचल गवतावर करून बघितली तर काहीच फरक कळत नाही. माझं काही चुकतंय का?

तीर्थनवेडा | १९ मे

तुझं काही चुकत नाही. मैदानावरचं गवत लाइनला पाण्यासारखं धरत नाही. अपूर्णांकांनी सांगितलेली ती पंधरापट ओढच तिथे नसते, त्यामुळे चुकीची उचलही बरोबर वाटते आणि रोल कास्ट तर होतच नाही. मागचा-पुढचा कास्ट गवतावर शिक, उचल पाण्यावरच शीक. गावातलं शेततळं किंवा पाझर तलाव चालेल. मालकाची परवानगी घे, कडेचा निसरडा प्लास्टिकचा कागद सांभाळ, एकटा जाऊ नको. गळ लावायचा नाही. टिपेटच्या (लीडरच्या शेवटच्या बारीक दोऱ्याच्या) टोकाला लाल लोकरीचा गोंडा बांध. तो पाण्यातून कसा निघतो ते बघ, घसटत येतो की उडी मारतो. पहिला आठवडा फक्त उचल कर.

आणि महाराष्ट्रात महसीर मासा बघायचा असेल तर महाडजवळ वाळण कोंडाला जा. वरदायिनीचा डोह, तिथले मासे देवीचे, त्यांना कुणी धरत नाही. पुलावर उभं राहून ते पाण्यात कसे तोंड वर करून थांबतात, सावली पडली की कसे सरकतात, हे तासभर बघितलंस तरी लाइन कधी उचलू नये ते कळेल.

निम्फबद्दल लिहायचं राहिलं होतं. तीर्थनवर धोंड्यांमधल्या लहान लहान डोहांत मी दोन जड निम्फ आणि वर तरंगता लोकरीचा ठिपका वापरतो. असं ओझं हवेत मागेपुढे फिरवलं की गुंता ठरलेला. म्हणून उचलतच नाही. प्रवाहाला लाइन खालच्या बाजूला सरळ ताणू देतो, निम्फ पृष्ठभागाला आल्या की वरच्या बाजूला तोंड करतो, आणि रॉड खालपासून एकाच हालचालीत पुढे. लाइनला ताण पाण्यानेच दिलेला असतो. तिथल्या बंजार गावचा माझा वाटाड्या हे इतक्या सहज करतो की हात हललेला दिसत नाही. कुल्लूच्या नद्यांत ट्राउट १९०९ पासून आहे, आणि त्याच्या घरात तीन पिढ्या हेच करत आल्या आहेत.

अपूर्णांक | २० मे

सगळे प्रतिसाद एकत्र वाचल्यावर जाणवतं की प्रत्येक जण एकाच प्रश्नाचं उत्तर देतो आहे: आत्ता या लाइनला कोणी धरून ठेवलं आहे? सपाट पाण्यावर पृष्ठताणाने धरलंय, तिथे सोला. गवताने धरलंय, उभी उचला. खोल पाण्याने धरलंय, आधी वर आणा. प्रवाहाने धरलंय तर तोच ताण वापरा.

टे_काठचा | २० मे

आणि वारा कुठून आहे ते आधी बघा. एवढं जोडा.

रानजाई | ४ जून

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. मध्ये सहा संध्याकाळी तलावावर गेले. पहिल्या दोन फक्त सरळ उचल, नंतर झटक्याची. लाल लोकर लावली, नवशिका_नगरचा यांना सांगितलेलं मीही केलं. चौथ्या संध्याकाळपर्यंत लोकर घसटतच येत होती. कारण शोधता शोधता लक्षात आलं की मी झटका फार लवकर देत होते, लीडरची गाठ अजून पाण्यात असतानाच. काका, तुमच्या त्या अटीवर अडले होते.

परवा रविवारी हॅट क्रीकला गेले. लाइन आदल्या रात्री धुतलेली. साडेदहाला पोचले आणि पहिला अर्धा तास लाइन सोडलीच नाही, नुसती बघत बसले. त्याच पट्ट्यात, पाणवनस्पतींच्या पलीकडे एक मासा येत होता. तोच होता की दुसरा, सांगता येणार नाही.

पहिला कास्ट आखूड पडला. आधी अशा वेळी मी घाईने उपटून पुन्हा टाकत असे. या वेळी फ्लाय वाहू दिली, मनात दोन मीटर मोजले, टोक पाण्याला टेकवलं, रॉड त्याच्यापासून लांब आडवा नेला आणि सावकाश वर. गाठ बाहेर आली. छोटा झटका. फ्लाय वनस्पतींच्या वर उडाली, थेंब पडला नाही. मासा पुन्हा वर आला. माझी लाइन हवेत होती आणि तो खात होता!

असं सात वेळा झालं. सातही वेळा तो खातच राहिला. दोनदा फ्लायपर्यंत येऊन परतला, बहुधा टिपेट जाड होता. ६एक्स काढून त्याहून बारीक ७एक्स बांधला. आठव्या वेळी त्याने फ्लाय घेतली. रेनबो ट्राउट, चौदा इंच असेल, पाण्यातच सोडवला.

एकदा पीळही करून बघितला, काठाच्या गवतात लाइन पडली होती तेव्हा. निघाली. वारा सुटल्यावर दुपारी पुन्हा केला तर लाइन रॉडभोवती गुंडाळली. तीर्थनवेडा आणि काका, तुमचा दोघांचाही अनुभव मी एकाच दिवशी घेतला.

आता डेल्टाकर, एक विचारायचं आहे. शरद ऋतूत बास येतात तेव्हा तुमच्याबरोबर यायची इच्छा आहे. माझ्याकडे ८ नंबरचा रॉड आहे, पण बुडणारी लाइन नाही. कोणती घेऊ, आणि खूण नेमकी कुठे करायची?

डेल्टाकर | ४ जून

जरूर या. ऑक्टोबर ठरवू. तीस फुटांच्या आसपास जड भाग असलेली, लवकर बुडणारी लाइन घ्या, त्याहून लांब नको. रंग जिथे बदलतो तिथेच जड भाग संपतो, खूण तिथून अर्धा मीटर मागे, बारीक बॅकिंगचा दोरा गुंडाळून त्यावर गोंद लावा. मार्कर दोन फेऱ्यांत पुसतो, आणि पहाटे अंधारात दोरा बोटाला लागतो.